पुलावरचा ढोल

आमच्या नामिकुरा गावात वसंताच्या उत्सवात देवाची मिरवणूक कालव्यावरच्या पुलापाशी आली की ढोल थांबतो. वाजवणारा आपला तळवा ढोलाच्या कातड्यावर सपाट ठेवतो, सगळे क्षणभर गप्प उभे राहतात आणि मग मिरवणूक वळून देवळाचा चढ चढू लागते. दरवर्षी एखादं मूल मला विचारतं, बाई, इथेच का थांबायचं? मोठी माणसं विचारत नाहीत. त्यांना वाटतं, हे पहिल्यापासून असंच चालत आलं असणार. तसं नाही. रीत कुठेतरी, कुणाच्या तरी हातून सुरू होते. ही सुरू झाली तेव्हा मी तिथे होते. म्हणून मुलांना सांगते तशीच इथेही सांगते.

आमच्या देवळाला पुजारी नाही. कधी नव्हताच. गावातली जुनी घरं पाळीपाळीने वर्षभर देव सांभाळतात. ज्याची पाळी, तो यजमान. उत्सवाच्या दिवशी देव यजमानाच्या घरून वाजतगाजत देवळात जातो, तिथे एक रात्र राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या यजमानाच्या घरी वर्षभराच्या मुक्कामाला येतो. देव ज्या घरी असेल त्या घराच्या दाराला गवताचा जाड दोर बांधलेला असतो, अंगणात पांढरी वाळू पसरलेली असते. यजमानाने रोज पहाटे विहिरीचं थंड पाणी अंगावर घ्यायचं, वेगळ्या चुलीवरचं खायचं, कुणाच्या मर्तिकाला जायचं नाही, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं नाही. त्याच्या बायकोलाही हेच सगळे नियम, आणि शिवाय उत्सवाचा भात तिनेच शिजवायचा, तिनेच त्याची रास रचायची आणि दारापर्यंत आणून द्यायची.

सगळ्यांत कडक नियम सुतकाचा. यजमानाच्या किंवा त्याच्या बायकोच्या जवळचं कुणी वारून घराला सुतक लागलं की उत्सव बुडाला. कारण घरात बसलेला देव उत्सवाआधी उठवता येत नाही, आणि सुतकाच्या घरातून तो मिरवतही नेता येत नाही. ही रीत सुरू झाली त्याच्या आदल्याच वर्षी असं झालं होतं. यजमानाचा थोरला भाऊ ऐन वेळी वारला, देव देवळात गेलाच नाही, सुतक फिटल्यावर न वाजवता पुढच्या यजमानाकडे नेला, आणि शरदातल्या वादळात गावाच्या काही नावा सरोवरातून परत आल्या नाहीत. वादळाचा आणि उत्सवाचा काही संबंध असतो असं मी शाळेत शिकवलं नसतं. पण ज्या घरांतली माणसं परतली नाहीत, त्या घरांत जाऊन संबंध नसतो असं सांगायलाही मी गेले नाही.

तर त्यानंतरच्या वर्षीचा यजमान होता गेन्झो. माझ्या शेजारचा. सरोवराकाठचं बोरू कापून त्याचे पडदे विणायचा. त्याच्या वडिलांची पाळी यायला एकच घर उरलं असताना वडील गेले. सुतकामुळे पाळी हुकली आणि घर रांगेच्या शेवटी गेलं. ती पाळी फिरून यायला गेन्झोचे केस पांढरे व्हायला लागले. त्याची आई तात्सु अजून होती. आणि बायको नुई. नुई पलीकडच्या काठावरच्या आशिहामाची, नावा बांधणाऱ्या योहेइ सुताराची एकुलती एक मुलगी.

त्या हिवाळ्यात योहेइ आजारी पडला आणि उठलाच नाही. यजमानाच्या बायकोला आजाऱ्याला भेटायची मनाई, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने निरोप पाठवला होता की, तू येऊ नकोस, उत्सव होऊ दे, चांगलं लाकूड वाळायला वेळ घेतं तसा मीही घेईन. नुईने तो निरोप मला हसत हसत सांगितला होता. पण त्या दिवसापासून ती अंगणातली वाळू झाडताना सारखी सरोवराकडे बघायची.

आता सुतकाची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सुतक कानाने लागतं. दूरच्या गावी कुणी वारलं, तर निरोप ज्या क्षणी कानावर पडेल त्या क्षणापासून सुतक. तोवर घर स्वच्छ. आणि मरणाचा निरोप आमच्या मुलखात एकटा माणूस कधी नेत नाही. गेलेल्याचा जीव वाटेत एकट्याला गाठतो म्हणतात, म्हणून निरोपे नेहमी जोडीने येतात. ते वाटेत कुणाशी बोलत नाहीत, निरोप देईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, की घास खात नाहीत. निरोप दिला की मग त्या घराने त्यांना जेवू घालायचं. यामुळे झालंय काय, की आमच्याकडे दोन माणसं मुकाट्याने रस्त्याने चालत आली की दारातल्या बायका हातातलं काम टाकून बघत राहतात. कुणाला साध्या कामाला दोघांनी जायचं असलं, तर तिसरा म्हणून वाटेतल्या कुणाला तरी ओढून नेतात. मी नवी शिक्षिका म्हणून आले तेव्हा मुलांना दोन-दोनच्या जोड्यांनी रांगेत चालवलं होतं, तर संध्याकाळी त्यांच्या आया माझ्या दाराशी आल्या होत्या.

गावातले सगळ्यांत वयस्क पुरुष कुराकिची. त्यांना सगळे थोरले म्हणत. उत्सवाचं काय चालतं आणि काय चालत नाही, ते तेच सांगायचे. योहेइचं दुखणं कळल्यावर त्यांनी गावातल्या तरुणांना बसवून सांगून ठेवलं होतं की, आशिहामाहून दोघं येताना दिसले तर पुलावर अडवायचे. मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. पण शब्द पूल ओलांडून अलीकडे येता कामा नये. देव नव्या घरी बसला की मग खुशाल येऊ द्या. थोरल्यांना कुणी निर्दय म्हणालं नाही. त्या परत न आलेल्या नावांपैकी एकीत त्यांचा नातू होता.

उत्सवाच्या दिवशी सकाळी मी नुईकडे मदतीला गेले होते. भात वाफेवर चढला होता. आतल्या खोलीत देवासमोर गेन्झो पांढऱ्या कपड्यांत बसला होता, ओठांत सदाहरित झाडाचं एक पान धरून. पहाटेच्या अंघोळीपासून देव देवळात पोचेपर्यंत यजमानाने बोलायचं नसतं, म्हणून ते पान. लाखेची ताटं माळ्यावर ठेवलेली असायची, ती काढायला नुई आणि मी वर गेलो. माळ्याला एक लहान खिडकी होती. तिच्यातून पूल दिसायचा आणि पुलापलीकडे बांधावरची वाट, थेट खडकांआडच्या खाडीपर्यंत. उत्सवाच्या दिवशी गावच्या काठाला परक्या नावेने लागायचं नाही, म्हणून आलेल्याने त्या खाडीत उतरून बांधावरून चालत यायचं.

बांधावरून दोन माणसं येत होती.

नुईच्या हातात ताट होतं, ते तिने हळूच खाली ठेवलं. मला विचारलं, "बाई, दोघंच आहेत ना?"

मी पुन्हा पाहिलं. वाटेवर मागे कुणी नव्हतं. मी हो म्हटलं. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

पुढचा माणूस तिने ओळखला होता. तो हान्जी, तिच्या वडिलांच्या हाताखाली जन्मभर रंधा मारलेला, एक खांदा पुढे काढून चालणारा. ते दोघे पुलाशी पोचले आणि तिकडे ढोल सुरू झाला. उत्सवाचा ढोल संथ असतो. हा तसा नव्हता. कुणी दार बडवावं तसा तो वाजत होता. वाजवणारा तोरामात्सु, मासे धरणारा, अंगाने रेड्यासारखा. त्याचा भाऊ वादळात गेला होता. त्याने आणि सोबतच्या पोरांनी कानांत कापूस कोंबला होता, ते आम्हाला नंतर कळलं. वरून एवढंच दिसत होतं की हान्जी तोंड उघडतोय, हात हलवतोय, आणि ढोल त्याच्या तोंडावर आदळतोय. थोड्या वेळाने ते दोघे मागे सरले आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला बसले. ते उठले किंवा ओरडायला लागले की ढोल वाजायचा, गप्प बसले की थांबायचा.

गावात तो ढोल प्रत्येकाने ऐकला. त्याचा अर्थ कळला नाही असं एकही घर नव्हतं. आणि तरी कुणी कुणाला काही म्हणालं नाही, कारण म्हटलं की ते कानावर पडलं असतं.

नुई खाली आली आणि भाताशी बसली. गरम भात ओल्या हातांनी दाबत दाबत त्याची उंच, निमुळती रास करायची असते, आणि त्यात एक दाणा वाकडा दिसता कामा नये. तिचे हात नेहमीसारखे चालत होते. फक्त ती पाण्यात हात बुडवायला विसरत होती आणि तळवे लाल होत होते. तात्सु आजी दर वेळी पाण्याचं भांडं तिच्या हाताखाली सरकवत होती.

थोरले देखरेखीला आले होते. उंबऱ्याबाहेर, अंगणातल्या वाळूवर, काठी टेकून उभे. नुईने मान वर न करता विचारलं की, थोरले, एखाद्याने पाहिलं तर?

ते म्हणाले की, पाहणं म्हणजे ऐकणं नव्हे. मग म्हणाले की, दुपारी मिरवणूक, उद्या सकाळी सगळं संपेल. उद्या तू मोकळी.

उद्या म्हणजे आशिहामात सगळं उरकलेलं असेल, हे तिलाही समजत होतं आणि त्यांनाही. बापाचा चेहराही दिसणार नव्हता. भाताची रास पुरी झाली. नुईने ती ताटात बसवली आणि ताटावर घालायचं पांढरं कापड आणायला पुन्हा माळ्यावर गेली.

बराच वेळ ती खाली आली नाही. मी वर गेले. ती खिडकीशी ओणवी झाली होती, कापड हातात तसंच.

"बाई," ती म्हणाली, "हान्जी खातोय."

मी बघितलं. हान्जीने मांडीवर शिदोरीचा पाला उघडला होता. तो त्यातला भाताचा गोळा खात होता. अगदी स्वस्थ, एखाद्या कामगाराने दुपारच्या सुट्टीत खावा तसा. त्याने दुसऱ्यालाही एक दिला आणि तोही खाऊ लागला.

नुई जिन्यावरून इतक्या वेगाने उतरली की मधली पायरी चुकली. खाली येऊन तिने सरळ थोरल्यांना सांगितलं. आधी थोरल्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. सकाळपासून बसलेत, म्हणाले, भूक लागली असेल.

"निरोप द्यायच्या आधी निरोप्या खातो? तुम्ही जन्मात इतके निरोप घेऊन गेलात, थोरले. कधी खाल्लंत?"

"मी नाही खाल्लं. पण हल्लीच्यांचं काय सांगावं. मरणाच्या वाटेवरही विड्या ओढत जातात."

"हान्जी हल्लीचा नाही. बाबांच्या बरोबरीचा आहे. बाबा गेले असते तर आज त्याच्या घशाखाली घास उतरला नसता."

पण तात्सु आजीने मान हलवली. ती सुनेची वैरी नव्हती, पण तिने तीस वर्षं वाट पाहिली होती आणि तिला जे खटकलं ते तिने विचारलं. जिवंत माणसासाठी दोघांना कोण पाठवतं, असं ती म्हणाली. आशिहामाच्या लोकांना काय रीत माहीत नाही?

एका बाजूला ती दोन माणसं होती, दुसऱ्या बाजूला भाताचा एक गोळा, आणि दोन्हींतलं एक खोटं होतं. तिने पुलावर जाऊन ऐकावं आणि ते मरणच निघावं, तर यजमानिणीच्या कानावर पडलेलं घराच्या कानावर पडलं. गेन्झोची पाळी गेली, गावाचा उत्सव सलग दुसऱ्या वर्षी गेला. आणि शरदात सरोवर कुणाला मागेल, हे मग ज्याचं त्याने ठरवायचं.

थोरल्यांनी हेच हलक्या आवाजात सांगितलं. "माझ्या घरातला एक गेलाय, नुई. तू चुकलीस तर यंदा कुणाच्या घरातला जाईल, ते तू सांगशील का मला?"

नुई म्हणाली, "नाही सांगू शकत. पण बाबा तिकडे जिवंत असतील आणि मी इथे बसून त्यांच्या मरणाचं सुतक टाळत असेन, तर ते कोण सांगेल मला?"

बाहेर वारा उठला होता. दारावरच्या गवती दोराला अडकवलेले पांढरे कागद फडफडत होते. वसंतात दुपारी सरोवर बिघडतं, दुपारनंतर लहान नाव पलीकडे जात नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार सरकलं आणि गेन्झो बाहेर आला. यजमानाने त्या वेळी जागेवरून उठायचं नसतं. ओठांत पान तसंच होतं. तो कुणाकडे न बघता उंबऱ्यापाशी गेला, वाकला, कोपऱ्यातल्या नुईच्या गवती चपला उचलल्या आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून पायरीवर जोडून ठेवल्या. त्या दिवशी यजमानाने जोड्याला हात लावायचा नसतो. त्याने दोन्ही हातांनी लावला. मग तो तसाच अंगणात उतरून विहिरीवर गेला आणि कपड्यांसकट अंगावर पाणी ओतून घेऊ लागला. एक घागर, मग दुसरी, मग आणखी. थंडीने त्याचा जबडा थरथरत होता, पण पान पडलं नाही.

थोरल्यांनी ते पाहिलं. म्हणाले की, यजमानाने सांगितलं ते कळलं मला. पण ही यजमानीण आहे तोवर हिने ऐकलेलं घराला लागतं, त्याला मी काय करू?

"मग ताट माझ्या हातात दे," तात्सु आजी म्हणाली.

ती नुईला म्हणाली, पण बघत होती थोरल्यांकडे. विधवेने देवाचा भात दारात आणून द्यायचा, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. थोरल्यांनी तोंड उघडलं, पण म्हातारीने त्यांना बोलू दिलं नाही.

"माझा नवरा पाळीला एक घर उरलं असताना गेला, थोरले. ते एक घर मी अजून चालतेय. भात हिने शिजवलाय, रास हिने रचलीये. मी फक्त दारापर्यंत नेते. देवाला माझे हात चालले नाहीत तर त्याने माझ्याकडे बघून घ्यावं. मला आता नेऊन तो नेणार किती?"

थोरले हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. ते काठीवर भार देऊन हळूहळू वळले आणि विहिरीकडे पाठ करून, आमच्याकडेही पाठ करून, सरोवराकडे तोंड करून उभे राहिले. पाहणं म्हणजे ऐकणं नव्हे, तसं न पाहणं म्हणजे काय, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

नुईने ताट सासूच्या हातात दिलं. बाहेर पडताना ती विहिरीशी क्षणभर थांबली, पण गेन्झो बोलू शकत नव्हता. तो घागर वर धरून तसाच उभा होता. ती गेली. मी तिच्या मागे गेले.

आम्हाला येताना पाहून तोरामात्सु घाबरला. हे मी त्याच्याच तोंडून नंतर ऐकलं. त्याला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं आणि आता ती स्वतः जाऊन मरण कानावर घेणार. आम्हाला पाहून पलीकडे हान्जीही उठला. मग तोरामात्सु जिवाच्या आकांताने ढोल बडवायला लागला. नुई त्याला थांब म्हणत होती. कानांत कापूस, समोर ढोल, त्याला काही ऐकू येत नव्हतं. ऐकायचंही नव्हतं. तो डोळे मिटून बडवत होता.

नुई सरळ पुढे गेली आणि तिने आपला तळवा ढोलाच्या कातड्यावर सपाट ठेवला.

काठी खाली येत होती, ती थांबवता आली नाही. नुईच्या बोटांवर बसली. आवाज ढोलाचा नव्हता. तोरामात्सुने डोळे उघडले आणि काठी सोडून दिली. नुईने हात हलवला नाही. बोटं चेंगरली होती, पण तळवा कातड्यावर तसाच होता आणि पुलावर एकदम इतकी शांतता झाली की खालचं पाणी ऐकू येऊ लागलं.

तेव्हा पलीकडून हान्जीचा आवाज आला. ओरडून ओरडून बसलेला.

"अगं, आहेत अजून. तुझं नाव घेतायत. चल लवकर, वारा थांबणार नाही."

नुई तिथेच खाली बसली. मी तिला धरलं. तोरामात्सु कानातला कापूस उपटत काय म्हणाला, काय म्हणाला, असं मला विचारत होता. मी सांगितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याला राग आला आणि त्याने हान्जीला विचारलं की, मेलेलं कुणी नाही तर दोघं कशाला आलात?

"दोघं कोण आलंय? आम्ही तिघं निघालो. मुद्दाम तिघं. खाडीत नाव खडकावर आपटायला लागली म्हणून तिसरा ती धरून उभा राहिलाय, सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात. हेच सांगत होतो मघापासून. तुमच्या गावाला दोनच्या पुढे मोजता येत नाही का रे?"

एरवी सगळे हसले असते. तोरामात्सुने वाकून त्याला नमस्कार केला आणि वाट सोडली. नुई उठली. दुखऱ्या हाताला माझा रुमाल गुंडाळला आणि त्या दोघांच्या पुढे होऊन बांधावरून पळत सुटली. हान्जी मागून खांदा पुढे काढून चालत होता. त्यांची नाव खाडीतून निघाली तेव्हा सरोवरावर पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या होत्या.

मी परत आले तर अंगणातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी सांगणारच होते. थोरल्यांनी हात वर केला.

"बाई, काही सांगू नका. आज जिवंत आहे म्हणून सांगितलंत, तर तासाभराने तुमचं गप्प राहणं हाच निरोप होईल. चांगलं नको, वाईटही नको."

ते बरोबर होतं. चांगल्या शिक्षकासारखं बरोबर. पण दारात गेन्झो कोरडे कपडे घालून उभा होता, ओठांत पान, आणि त्याचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. मी मान खाली घातली. याच्यापेक्षा अवघड गप्प बसणं मला त्या आधी कधी जमवावं लागलं नव्हतं.

दुपारी मिरवणूक निघाली. तात्सु आजीने ताट दारापर्यंत आणलं. भाताची रास तिच्या हनुवटीपर्यंत उंच होती. बघायला जमलेल्यांत कुजबुज झाली, मग विरली. गेन्झो पांढरे कागद लावलेली देवाची काठी घेऊन पुढे चालू लागला. पुढे ढोल. वाटेत डाव्या हाताला सरोवर सारखं दिसत होतं, आता पार काळंनिळं झालेलं, आणि त्यावर एकही नाव नव्हती. नुईची नाव पोचली की बुडाली, हे कुणाला सांगता आलं नसतं. गेन्झो पायाखाली बघून चालत होता. पण पावलं जड पडत होती. नुईला पुलावर काय ऐकू आलं, याचा विचार तो प्रत्येक पावलाला करत असणार. ती पळत गेली होती, एवढं त्याला अंगणातून दिसलं असेल. माणूस जिवंताकडे पळतो, तसा मेलेल्याकडेही पळतो.

मिरवणूक पुलाच्या तोंडाशी आली. सकाळी जिथे ढोल दार बडवल्यासारखा वाजला होता, तीच जागा. तिथे तोरामात्सु थांबला. मागे वळला, गेन्झोकडे तोंड केलं आणि आपला तळवा ढोलाच्या कातड्यावर सपाट ठेवला.

आवाज बंद झाला. मागच्यांना वाटलं, ढोलाची दोरी सुटली असेल.

गेन्झोने मान वर केली. तोरामात्सु त्याच्याकडे बघत होता. तो एक शब्द बोलला नाही, डोळ्यांनीही काही खुणावलं नाही. फक्त ढोल गप्प धरला होता. सकाळी काही झाकायचं होतं म्हणून तो वाजत होता. आता तो वाजत नव्हता. गेन्झोला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या ओठांतलं पान इतकं थरथरलं की मला वाटलं, आता पडणार. पडलं नाही. थोरले शेजारीच होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि ते म्हणाले की, चला, देवाला उशीर होतोय.

रात्र देव देवळात राहिला. सकाळी तो नव्या यजमानाच्या घरी गेला आणि गेन्झोच्या दारावरचा दोर सोडला. तो गुंडाळत असतानाच पुलाकडून कुणी तरी हाक दिली.

बांधावरून दोन माणसं येत होती. या वेळी खाडीत कुणी थांबलं नव्हतं. सरोवर गुळगुळीत होतं, नाव धरून ठेवायची गरज नव्हती. पुलावर तोरामात्सु जाळं सुकवत होता. त्याने डोक्याचं फडकं काढलं आणि बाजूला झाला. ते दोघे त्याच्याशी बोलले नाहीत. कुणाशीच बोलले नाहीत. गेन्झो रस्त्यापर्यंत सामोरा गेला.

हान्जीने वाकून निरोप सांगितला. "आशिहामाचे योहेइ काल गेले." बस, एवढंच. निरोप एवढाच असतो.

तात्सु आजीने त्यांना आत बसवलं आणि ताजा भात वाढला. हान्जीने जेवणाच्या काड्या उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. निरोपानंतर जेवताना बोलायचं नसतं, म्हणून त्याने आधीच सांगून घेतलं. ऊन कलल्यावर गेले, म्हणाला. नुई पोचली तेव्हा डोळे उघडे होते. उत्सव टाकून आलीस का, म्हणून रागावले. तिने सांगितलं की भात करून आले. मग त्यांचा राग गेला.

"शेवटचं पाणी तिनेच घातलं तोंडात," तो म्हणाला. "डाव्या हाताने. उजवा सुजला होता."

मग त्याने काड्या उचलल्या आणि जेवायला लागला.